पीटर्सबर्गच्या बसमधला तरुण

इकडे नॉर्थ कॅरोलिनात, आमच्या कॅरी-मॉरिसव्हिलच्या पट्ट्यात, देशी माणसं इतकी आहेत की दोन ऑक्टोबरला कुठे ना कुठे कार्यक्रम असतोच, आणि त्यात कुणीतरी हमखास सांगतं की गांधीजींचा सत्याग्रह अमेरिकेत पोचला, रोझा पार्क्स माँटगोमेरीच्या बसमध्ये जागेवरून उठली नाही, १९५५, आणि मार्टिन लूथर किंगनी तो उचलला. टाळ्या पडतात. मलाही ऐकायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण या गोष्टीत एक बस कायम राहून जाते. ती माँटगोमेरीच्या पंधरा वर्षं आधीची आहे, तिच्यात बसलेल्या माणसाने सत्याग्रहाचा अभ्यास केला होता, आणि ती बस आमच्या घरापासून अर्ध्या तासावर असलेल्या डरममध्येच यायला निघाली होती. तरी तिचं नाव कुणी घेत नाही, आणि मला मनापासून वाटतं की याचं एक कारण म्हणजे त्या बसमध्ये बसलेलं माणूस बघणाऱ्याला बाई वाटत नव्हतं.

पॉली मरे. जन्म १९१०, बाल्टिमोर. वकील, कवी, प्राध्यापक, शेवटी शेवटी पाद्री. चारचौघांत आणि कोर्टात पॉलीने आयुष्यभर स्वतःला बाई म्हणूनच मांडलं म्हणून मी इथे ती असं लिहितेय, आज असती तर काय म्हणाली असती ते मी परस्पर ठरवणार नाही.

तर १९४० चा मार्च, ईस्टरची सुट्टी. पॉली आणि तिची मैत्रीण अ‍ॅडलीन मॅकबीन न्यूयॉर्कहून डरमला पॉलीच्या मावशीकडे निघाल्या होत्या. व्हर्जिनियात कायदाच होता की काळ्या लोकांनी बसमध्ये मागे बसायचं. मागची सीट चाकाच्या वर, रस्ता असा की प्रत्येक खड्डा अंगात उतरायचा, आणि मॅकबीनला कुशीत दुखायला लागलेलं. पुढच्या जागा रिकाम्या झाल्या तशा दोघी थोड्या पुढे सरकल्या. ड्रायव्हरने मागे जा म्हटलं, त्यांनी नाही म्हटलं. पीटर्सबर्गला पोलीस आले. दोघी शांतपणे, अगदी नम्रपणे वाद घालत राहिल्या आणि शेवटी अटक झाली. कोठडीत आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, तुरुंगाधिकाऱ्याला सभ्य भाषेत चिठ्ठ्या लिहिल्या, काय काय घडलं त्याची क्रमवार नोंद करून ठेवली. हे सगळं ठरवून नव्हतं, पण वेळ आली तेव्हा जे शिकलो ते जागच्या जागी वापरलं, असं पॉलीचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या त्या वर्तुळात तेव्हा कृष्णलाल श्रीधराणींचं सत्याग्रहाच्या तंत्रावरचं इंग्रजी पुस्तक वाचलं जात होतं, १९३९ मध्ये निघालेलं. श्रीधराणी म्हणजे दांडीयात्रेत चाललेला भावनगरकडचा मुलगा. इतका सरळ धागा आहे बघा आपल्यापर्यंत येणारा.

कोर्टाने मात्र चलाखी केली. सेग्रिगेशनचा, म्हणजे काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याचा कायदा मोडल्याचा आरोप काढून टाकला आणि फक्त गोंधळ घातला म्हणून शिक्षा दिली, म्हणजे कायद्याला वरच्या कोर्टात आव्हानच देता येऊ नये.

आता यातला भाग जो मला कुठल्याही भाषणात सापडलेला नाही. हॅरॉल्ड गार्फिंकेल म्हणून एक गोरा विद्यार्थी होता, पुढे मोठा समाजशास्त्रज्ञ झाला, त्याने हा प्रसंग स्वतः बघितला आणि दोनच महिन्यांनी त्यावर कथा लिहिली, ती एका ब्लॅक मासिकात छापून आली. त्या कथेत मॅकबीनच्या जागी एक बाई आहे आणि तिच्या शेजारी बसलाय एक तरुण. गोरटेला, सडपातळ मुलगा. म्हणजे पॉली. त्या गोऱ्या विद्यार्थ्याला शेजारचं माणूस पुरुष वाटलं आणि त्याने तसंच लिहिलं.

आणि या बसच्या जेमतेम महिनाभर आधी काय झालं होतं? ऱ्होड आयलंडमध्ये पोलिसांना पॉली रस्त्यात सापडली होती, पुरुषी कपड्यांत, प्रेमाच्या माणसाचा पत्ता नाही म्हणून सैरभैर झालेली, आणि तिथून तिची रवानगी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात मनोरुग्ण विभागात झाली होती. मॅकबीन म्हणजे त्या हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर सोबत असलेली मैत्रीण. मला हे जेव्हा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्यावरच अडकून होते. एकाच माणसाला महिन्याभरात पोलीस दोनदा उचलतात. एकदा कपड्यांवरून, एकदा कातडीवरून. कातडीवरून उचलल्यावर वकील धावून येतात, संघटना येते, केस उभी राहते, वर्तमानपत्रात येतं. कपड्यांवरून उचलल्यावर कुणीच येत नाही, आणि पॉली स्वतःसुद्धा ते जाहीरपणे कधी बोलत नाही. तिचं आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये निघालं, त्यात बसचा प्रसंग सविस्तर आहे. पुरुषी कपडे नाहीत, डॉक्टर नाहीत.

डॉक्टरांचं सांगते, पण आधी घरचं. आई पॉली साडेतीन वर्षांची असताना गेली, वडील मानसिक आजाराने सरकारी हॉस्पिटलात आणि तिथे १९२३ मध्ये एका गोऱ्या पहारेकऱ्याच्या मारहाणीत गेले. वाढवलं पॉलीन मावशीने, डरममध्ये. ही मावशी शाळेत शिक्षिका, शिस्तीची, चर्चला जाणारी बाई, पण या पोरीला ती माझं मुलगा-मुलगी म्हणायची. १९१५-२० च्या दक्षिण अमेरिकेत! आपल्याकडे माझ्या लहानपणी मिरजेला शेजारच्या वाड्यात एक मुलगी भावाचा शर्ट घालून सायकल मारायची तर तिला अख्खी गल्ली बाप्या म्हणून चिडवायची आणि घरात मार बसायचा तो वेगळाच, म्हणून मला त्या मावशीचं विशेष वाटतं. पॉलीने पुढे जे काही सोसलं ते सोसायची ताकद कुठून आली असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव या मावशीचं घेईन.

विशीत आल्यावर पॉलीने अ‍ॅना पॉलीन हे नाव सोडून पॉली घेतलं, केस कापले, पँट घालून मालगाड्यांतून चोरून प्रवास केला. फोटोंचा अल्बम केला, त्यात स्वतःच्या फोटोखाली स्वतःच नावं लिहिली, एकाखाली पीटर पॅन, एकाखाली ड्यूड. आणि तीसच्या दशकात डॉक्टरांच्या मागे लागली. तिला बायकांवर प्रेम व्हायचं, पण आपण बायकांवर प्रेम करणारी बाई आहोत हे तिला पटत नव्हतं, आपण आतून पुरुष आहोत असं तिला ठाम वाटत होतं. कदाचित शरीरात कुठेतरी पुरुषाचे अवयव लपलेले असतील, तपासून बघा, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. पुरुषी हार्मोन्स द्या म्हणाली. १९३९ मध्ये हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या ब्लॅक वस्तीच्या एका पेपरात तशा उपचाराची बातमी आली होती, ती वाचून ती गेली. डॉक्टरांनी ते दिलं नाही, उलट बायकी हार्मोन्स घेऊन बघ म्हणाले. वर्षानुवर्षं हे चाललं. प्रश्नांच्या याद्या टाइप करून घेऊन जायची डॉक्टरांकडे, वकिलाने साक्षीदाराची उलटतपासणी काढावी तशा.

१९३८ मध्ये पॉलीने युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनाला अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्या वंशाच्या लोकांना इथे प्रवेश नाही. आता गंमत नाही, क्रूर गोष्ट आहे ही, की त्या युनिव्हर्सिटीला ज्या गोऱ्या जमीनदार घराण्याने जमिनी दिल्या त्याच घराण्याच्या एका मुलाने पॉलीच्या पणजीवर, गुलाम असलेल्या हॅरिएटवर बलात्कार केला होता आणि त्यातून पॉलीची आजी जन्मली होती. म्हणजे रक्ताने बघितलं तर ती त्या देणगीदारांची वारस. मग ती वॉशिंग्टनला हॉवर्डमध्ये लॉ शिकायला गेली, ब्लॅक लोकांची युनिव्हर्सिटी, आता तरी कुणी आडवं येणार नाही. पहिल्याच दिवशी वर्गात प्राध्यापक म्हणाले, बायका लॉ शिकायला का येतात कळत नाही. वर्गात ती एकटीच बाई. ब्लॅक लोकांना वेगळं पाडणाऱ्या कायद्यांना जिम क्रो म्हणायचे, पॉलीने याला जेन क्रो म्हटलं. वर्गात पहिली आली. पहिल्या येणाऱ्याने हार्वर्डला पुढचं शिकायला जायचं अशी तिथली रीत, तिने अर्ज केला, १९४४ मध्ये हार्वर्डचं उत्तर आलं, ज्या लिंगाला इथे प्रवेश आहे त्या लिंगाच्या तुम्ही नाही.

पॉलीने त्यांना जे उलट पत्र लिहिलं ते आज बऱ्याच ठिकाणी हुशारीचा नमुना म्हणून छापतात. तुमच्या अटीत बसण्यासाठी मी आनंदाने माझं लिंग बदलून घेतलं असतं, पण तसं करायचा मार्ग मला कुणी दाखवलेला नाही, तेव्हा तुम्हीच तुमचं मत बदला अशी विनंती, की ही दोन्ही कामं सारखीच अवघड आहेत? वाचणारे हसतात. हार्वर्डच्या कमिटीतही कुणीतरी हसलं असेल. पण ज्या माणसाने हे लिहिलं ते त्याआधी कितीतरी वर्षं डॉक्टरांचे दरवाजे ठोठावून नेमकं हेच मागत होतं आणि प्रत्येक ठिकाणी नकार घेऊन परत येत होतं. हे माहीत झाल्यावर मला त्या पत्रातली एकही ओळ विनोदी वाटत नाही. इतकं खरं इतक्या उघडपणे लिहिलं आणि ते कुणाला दिसलंसुद्धा नाही.

आता कुणी म्हणेल की मग तिने जाहीर का नाही सांगितलं, वर्णभेदाविरुद्ध एवढी लढली ती याबाबतीत गप्प का. या प्रश्नाचा मला खरंच राग येतो. गप्प राहण्याची किंमत आणि बोलण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते, आणि ब्लॅक माणसाला ती किती पडायची हे बघायचं असेल तर १९५२ हे एकच वर्ष घ्या.

ग्लॅडिस बेंटली. १९०७ चा जन्म, फिलाडेल्फिया, शाळेत भावांचे सूट घालून जायची, सोळाव्या वर्षी घर सोडून हार्लेमला आली. १३३ व्या रस्त्यावरच्या एका बारमध्ये पांढरा टक्सिडो, डोक्यावर उंच हॅट, पियानोवर बसून लोकप्रिय गाण्यांचे शब्द बदलून वात्रट करून गायची, समोर बसलेल्या बायकांशी खुल्लमखुल्ला फ्लर्ट करायची. भरदार शरीर, खर्जातला आवाज. मैलोन्मैलांवरून लोक यायचे, त्यात गोरे श्रीमंत लोक खूप. आणि हे नीट समजून घ्यायला पाहिजे, ते यायचे कारण ते हार्लेम होतं. तेच टक्सिडो घालून कुणी त्यांच्या स्वतःच्या मोहल्ल्यात गायलं असतं तर त्यांनीच पोलिसांना फोन केला असता. ब्लॅक वस्तीत सगळं चालतं अशी त्यांची समजूत, रात्री मजा बघायची आणि पहाटे घरी जायचं. तिच्या पुरुषीपणाला जी मोकळीक मिळाली ती तिच्या रंगाकडे तुच्छतेने बघण्यातूनच मिळालेली होती. म्हणून मी वंश आणि लिंग हे दोन वेगळे कप्पे करून बघूच शकत नाही. ज्या क्षणी ग्लॅडिस त्या पियानोवर बसायची त्या क्षणी ती दोन्ही एकदम होती, आणि टाळ्या पडायच्या त्याही दोन्हीला आणि पुढे मार बसला तोही दोन्हीला.

तिने एका गोऱ्या बाईशी अटलांटिक सिटीत लग्न केल्याचं ती स्वतःच सांगायची. मग मंदी आली, दारूबंदी उठली, हार्लेमची ती रात्र संपली, ग्लॅडिस कॅलिफोर्नियाला आली, आईबरोबर राहायला लागली. तिथे पँट घालून स्टेजवर जायचं तर परवाना लागायचा. चाळीसच्या दशकाच्या शेवटी वारं असं फिरलं की सरकारी नोकरीतल्या समलिंगी लोकांना शोधून शोधून काढायला लागले. आणि १९५२ च्या ऑगस्टमध्ये एबनी या ब्लॅक मध्यमवर्गाच्या मोठ्या मासिकात तिचा लेख आला, मी पुन्हा बाई झाले. हार्मोन्स घेतले, बरी झाले, लग्न केलं. सोबत फोटो, फ्रॉक घातलेली ग्लॅडिस गादीवरची चादर सारखी करतेय, दागिने निवडतेय. मी त्या फोटोंकडे फार वेळ बघू शकत नाही. पण तिला भित्री म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. पोट भरायचं होतं, म्हातारी आई होती. १९६० मध्ये बावन्नाव्या वर्षी न्यूमोनियाने गेली.

त्याच १९५२ मध्ये पॉलीची कॉर्नेल युनिव्हर्सिटीतली नोकरी हुकली. शिफारस करणाऱ्यांत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी राहिलेल्या एलिनॉर रूझवेल्ट, नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल, कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ, याहून मोठी नावं काय आणणार? पण जुने संबंध संशयास्पद म्हणून नाही म्हटलं. ज्या काळात एलिनॉर रूझवेल्टची शिफारस संशयास्पद ठरते त्या काळात पॉलीने डॉक्टरांची गोष्ट बोलायची होती का? आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पेपरात पहिल्या पानावर क्रिस्टीन जॉर्गेनसन झळकली, डेन्मार्कला जाऊन बाई होण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतलेली माजी सैनिक. तिलाही कमी सोसावं लागलं नाही, पण ती गोरी होती, सोनेरी केसांची होती, आणि पेपरवाल्यांनी तिला सुंदर तरुणी म्हणून मांडलं. त्याच्या सातच वर्षं आधी कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डमध्ये लुसी हिक्स अँडरसन नावाची ब्लॅक बाई, गावातली नावाजलेली आचारी, तिचं शरीर जन्मतः पुरुषाचं आहे हे कळल्यावर लग्नाच्या कागदावर खोटं लिहिलं म्हणून कोर्टात उभी केली गेली आणि दोषी ठरली. एकीचं पहिलं पान, दुसरीवर खटला.

स्टॉर्मी डेलार्व्हेरीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण पॉलीने जे पेटीत ठेवलं ते हिने अंगावर घातलं. न्यू ऑर्लिन्समध्ये १९२० मध्ये जन्म, आई ब्लॅक, एका गोऱ्या घरात कामाला, बाप त्या घरातला. जन्माचा दाखलाच नाही. ना गोऱ्यांत ना काळ्यांत, दोन्हीकडची पोरं मारायची, एकदा कुंपणाला लटकवून ठेवलं त्यात पायाला कायमची इजा झाली. पोरवयात सर्कशीत घोड्यावरून उड्या मारल्या. मग १९५५ पासून १९६९ पर्यंत ज्वेल बॉक्स रिव्ह्यू या शोची निवेदक. पंचवीस पुरुष आणि एक मुलगी अशी जाहिरात असायची, स्टेजवर झगमगीत बायका दिसायच्या ते सगळे पुरुष, आणि सूट घातलेला देखणा निवेदक ही ती एक मुलगी. काळे-गोरे कलाकार एकत्र, हार्लेमच्या अपोलो थिएटरला हाऊसफुल. शेवटच्या गाण्यात ती उलगडून सांगायची आणि लोक वेडे व्हायचे.

स्टेजवरचा सूट ती रस्त्यावरही घालायला लागली. आणि एक गोष्ट ऐका, तिला पोलिसांनी दोनदा उचललं ते तिने बायकांचे कपडे घातलेले असताना! बाईच्या वेशातला पुरुष वाटली म्हणून. सूट घालून फिरली तेव्हा नाही. मला यात सगळं आलं असं वाटतं, की कायदा म्हणे बायकांनी बायकांसारखं दिसावं, आणि ती दिसली की म्हणे हे खोटं आहे. काळ्या बाईचं बाईपण मुळात कुणी खरं धरतच नव्हतं, शेतात पुरुषाबरोबरीने राबवताना धरलं नाही, चाबूक मारताना धरलं नाही, मग स्कर्ट घातल्यावर कुठून धरणार.

१९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी लोकांच्या बारवर धाड पडली त्या रात्री बेड्या घातलेली एक बुच, म्हणजे पुरुषी वळणाची बाई पोलिसांशी झटापट करत होती, तिने गर्दीला ओरडून विचारलं की तुम्ही काही करत का नाही, आणि मग गर्दी उसळली. ती बाई स्टॉर्मी होती असं काही जण शपथेवर सांगतात, काही नाही म्हणतात. स्टॉर्मी स्वतः त्याला दंगल म्हणू द्यायची नाही, तो उठाव होता, नागरी हक्कांसाठीचा कायदेभंग होता म्हणायची. पण मला त्या रात्रीपेक्षा पुढची पस्तीस-चाळीस वर्षं मोठी वाटतात. तिची जोडीदार डायना, डान्सर, पंचवीस वर्षांची सोबत, ती गेली. तिचा फोटो कायम जवळ. त्यानंतर स्टॉर्मीने स्टेज सोडलं आणि ग्रेनिच व्हिलेजमधल्या लेस्बियन बारच्या दारावर बाउन्सर म्हणून उभी राहिली. ऐंशी उलटल्यावरही. कमरेला परवान्याची पिस्तूल, रात्री बार बंद झाल्यावर गल्ल्यांतून चक्कर, कुणी आपल्या पोरींना त्रास देत नाही ना, मुली म्हणायची ती सगळ्यांना, माझ्या मुली. तरुण पोरी, त्यात गोऱ्याही खूप, घरून हाकललेल्या, दारूत बुडलेल्या, त्यांना टॅक्सीत बसवून द्यायची. २०१४ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी ब्रुकलिनच्या एका नर्सिंग होममध्ये गेली. जिने सगळ्यांच्या दारावर राखण केली तिच्यासाठी शेवटी मूठभर मैत्रिणी धावपळ करत होत्या, आणि हे मला आजही सहन होत नाही. तिच्याच पिढीनंतरची मिस मेजर ग्रिफिन-ग्रेसी, ब्लॅक ट्रान्स बाई, स्टोनवॉलला होती, तुरुंगात राहून आली आणि मग जन्मभर तुरुंगातल्या ट्रान्स बायकांसाठी काम केलं, तीही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेली. एकेक करत ती पिढी संपत आली.

पॉलीकडे परत येते, कारण तिच्या गप्प राहण्यातून काय निघालं ते सांगायचं राहिलंय. हॉवर्डमध्ये असताना तिने वर्गात मांडलं होतं की काळ्या-गोऱ्यांच्या सोयी वेगळ्या पण समान असल्या की चालतं हा नियम मुळातूनच पाडता येईल, सगळे हसले होते, तिने प्राध्यापक स्पॉट्सवूड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली की पंचवीस वर्षांत पडेल. दहाच वर्षांत, १९५४ मध्ये पडला, आणि ज्यांच्याशी पैज लावली त्यांनीच तिचा तो वर्गातला निबंध शोधून काढून तो नियम पाडणाऱ्या केसच्या तयारीत वापरला होता. तिला कळलं कित्येक वर्षांनी. मग १९६४ चा नागरी हक्क कायदा. नोकरीत वंशावरून भेदभाव नको या कलमात लिंग हा शब्द शेवटच्या क्षणी घुसवला गेला होता आणि तो काढून टाकायची खटपट चालू होती. पॉलीने टिपण लिहून खासदारांपर्यंत आणि राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीपर्यंत पोचवलं, की हा शब्द काढला तर ब्लॅक बाईला अर्धंच संरक्षण मिळेल, कारण तिला कशावरून नाकारलं हे तिला वेगळं करून दाखवता येतच नाही. शब्द राहिला. आणि २०२० च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच शब्दावर बोट ठेवून निकाल दिला की समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येणार नाही. ज्या माणसाला स्वतःसाठी एक इंजेक्शन मिळालं नाही त्याने राखलेल्या शब्दावर आज लाखो लोकांची नोकरी उभी आहे.

पॉलीची सगळी कागदपत्रं हार्वर्डच्या श्लेसिंगर लायब्ररीत आहेत, तिनेच दिली. ढीगच्या ढीग खोके. आणि त्यात डॉक्टरांची पत्रं आहेत, त्या टाइप केलेल्या प्रश्नांच्या याद्या आहेत, अल्बम आहे. आत्मचरित्रात गाळलं पण जाळलं नाही. हयातभर पुरावे जमवायचं काम केलेल्या वकिलाने हे नजरचुकीने ठेवलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, तिने ते आपल्यासाठी ठेवलं.

डरममध्ये ९०६ कॅरोल स्ट्रीटला तिचं घर आहे, तिच्या फिट्झगेराल्ड आजोबांनी १८९८ मध्ये बांधलेलं, लहानसं दुमजली लाकडी घर, समोर पोर्च. आजोबा यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेले. घराच्या मागेच चढावर मेपलवूड स्मशानभूमी, तेव्हाची गोऱ्यांची, पावसाचं पाणी तिथून थेट यांच्या अंगणात उतरायचं आणि नगरपालिका ढुंकून बघायची नाही. २०२४ मध्ये घर लोकांसाठी उघडलं, आणि त्याच वर्षी सरकारने पॉलीचं चित्र असलेलं पंचवीस सेंटचं नाणं काढलं, होप या अक्षरांच्या आत चष्मा लावलेला तिचा चेहरा. माझ्याकडे एक ठेवलंय मी. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, स्टोनवॉल स्मारकाच्या सरकारी वेबसाइटवरून ट्रान्सजेंडर हा शब्द काढून टाकला गेला.

आणि आमच्या राज्यात २०२३ पासून कायदा आहे, अठराच्या खालच्या मुलांना डॉक्टर हे हार्मोन्स नव्याने सुरू करू शकत नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने टेनेसीचा असाच कायदा योग्य ठरवला. आमच्या ओळखीत एक मराठी कुटुंब आहे, जास्त काही लिहीत नाही, त्यांचं सोळा वर्षांचं लेकरू आहे आणि ते त्याला घेऊन व्हर्जिनियाला डॉक्टरकडे जातात, इंटरस्टेट ८५ ने, ऑफिसला सुट्टी टाकून. त्याच्या आजीला फोनवर सांगताना फिरायला गेलो होतो म्हणतात. आई मला म्हणाली, आपल्यात असं आधी कुणी बघितलंय का गं, कुणाकडे बघून शिकायचं आम्ही?

मागच्या उन्हाळ्यात मी त्या तिघांना कॅरोल स्ट्रीटला घेऊन गेले. वडील पूर्ण वेळ फिट्झगेराल्ड आजोबांच्या विटांच्या धंद्याबद्दल विचारत राहिले, त्यांना तेच सोपं गेलं असेल आणि ते चालेल. पोराला मी फोनवर अल्बममधला तो ड्यूड लिहिलेला फोटो दाखवला आणि सांगितलं, हे खाली नाव तिने स्वतः लिहिलंय. त्याने फोन माझ्या हातातून घेतला, झूम केला, आई, हे बघ ना म्हणून ओरडला, आणि मग पोर्चच्या पायरीवर चढून तश्शीच ऐट करून उभा राहिला आणि म्हणाला, काढ आता माझा.